पाच साड्या, चार ब्लाउज

आमच्या शेजारच्या अक्का बोलता बोलता कानडी म्हणी पेरत असतात. त्यांची एक आवडती म्हण आहे, ‘ऊट तन्निच्छे, नोट पररिच्छे’. जेवावं आपल्या आवडीनं, दिसावं लोकांच्या आवडीनं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात त्यांना अर्थ सांगायला नको. माझ्या कोल्हापूरच्या नणंदेनं मात्र ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला ‘ऊट’ म्हणजे वाळवंटातला उंट वाटला आणि ‘नोट’ म्हणजे खिशातली नोट. आम्ही सगळे पोट धरून हसलो. नंतर विचार केला, तर नणंदबाईंचा अर्थही काही अगदीच टाकाऊ नव्हता. आपण दिसतो लोकांसाठी, पण त्याची नोट मोडते आपल्याच बटव्यातली.

तर आज विषय कपड्यांचा. थोडक्या पैशात, घरी, कॉलेजात, कचेरीत, हळदीकुंकवाला आणि पावसात चालतील असे कपडे कसे जमवायचे याचा. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे या लेखात थोडी बेरीज-वजाबाकी येणार. वाचकभगिनींनी (आणि बंधूंनीही, तुमचंही पुढे आहे) तेवढी सोसावी.

हा विषय डोक्यात आला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. आमच्याकडून बी.ए. होऊन ती बी.एड.ला गेली. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी १६ आठवडे प्रत्यक्ष शाळेत शिकवायला जावं लागतं. तिच्या कॉलेजचा नियम असा की, शाळेत जाताना साडीच हवी. गेल्या वर्षी ती घरी आली आणि दारातच म्हणाली, “मॅडम, हे वर्ष सोडूया म्हणायलोय. पुढच्या वर्षी करतो की.” (आपल्याकडच्या मुली ‘करतो’च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) कारण विचारलं तर आधी सांगेना. मग चहा झाल्यावर बाहेर पडलं. मैत्रिणींनी सांगितलं होतं, निदान १२ साड्या तरी लागतात, त्याच त्याच साड्या नेसून गेलं की पोरं नावं ठेवतात. बारा साड्या, बारा ब्लाउज, वर चप्पल. आईनं महिला संघातून १५ हजारांचं कर्ज काढायचं ठरवलं होतं, आणि थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाचं आधीचं कर्ज अजून फिटायचं होतं.

तिचे वडील वडगावात यंत्रमागावर कामाला आहेत. मी म्हटलं, “अगं, साड्यांच्या घरात साडीची अडचण?” तर म्हणाली, “घरात रोज साडी निघत्येय ओ मॅडम, पण ती मालकाची.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी कागद-पेन्सिल घेतली.

पहिला प्रश्न मी तिला विचारला तो, घरात काय आहे? आपण बाजारात जाताना नेहमी काय नाही याचाच विचार करून जातो. आहे त्याची यादी कोणी करत नाही. माझं ठाम मत आहे की, कपाट पूर्ण रिकामं करून, सगळं गादीवर पसरून, उजेडात पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाउजेडी. तळाशी असलेल्या वस्तू आपल्या आहेत हेच आपण विसरलेलो असतो. या मुलीच्या घरी ट्रंक उघडली तेव्हा आईची एक गर्द हिरवी इरकल निघाली, लग्नातली, घडीवर थोडी विरलेली, पण धड. आत्यानं दिलेली एक राखाडी सुती साडी निघाली, काठ मरून. म्हणजे १२ तल्या दोन झाल्या.

दुसरा प्रश्न, बारा कशाला? १६ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ९६ दिवस. पाच साड्या असल्या तर एक साडी सुमारे १९ वेळा नेसली जाते. बारा असल्या तर आठ वेळा. आठ वेळा नेसण्यासाठी कर्ज काढून साडी घ्यायची, हा हिशोब कुठल्याच पुस्तकात बसत नाही. कपड्याची किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसते, ती किती वेळा अंगावर चढला त्यावर ठरते. नऊ हजारांचं रेशीम तीन लग्नांत नेसलं की एका वेळचे तीन हजार पडले. साडेसहाशेची सुती साडी, फॉल-पिकोचे शंभर धरून साडेसातशे, १९ वेळा नेसली तर एका वेळचे ४० रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि ती १६ आठवड्यांनी संपत नाही, पुढे दोन वर्षं चालते.

रेशीम घेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात एक चांगलं वस्त्र असावं. पण ते एक असावं, आणि ते रोजच्या कपड्यांच्या पैशातून येऊ नये.

आता खरा मुद्दा. साडी नेसणाऱ्या बाईचं कपाट साड्यांवर चालत नाही, ते ब्लाउजवर चालतं. हे मी गेली २० वर्षं रोज साडी नेसून कॉलेजला जाते म्हणून सांगते. एका साडीचा एकच ब्लाउज, दुसरीचा दुसरा, अशी जोड्याजोड्यांनी खरेदी केली की दहा साड्यांचे दहाच वेश होतात. आणि ब्लाउज घट्ट झाला की साडी बाद. उलट, तीन रंगांचे ब्लाउज असे निवडले की ते बहुतेक साड्यांवर जातील, तर पाच साड्यांचे कागदावर १५ वेश होतात. त्यातले काही डोळ्यांना खुपतील ते सोडून द्यायचे.

हे गणित आपल्याकडच्या बायकांना जुन्या काळापासून ठाऊक आहे, फक्त त्यांनी ते फळ्यावर मांडलं नाही. इरकल घ्या. बागलकोट जिल्ह्यातलं इलकल गाव, आपल्या तोंडी त्याचं इरकल झालं. या साडीच्या अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. माग लावताना हे दोन्ही ताणे धाग्याला धागा अडकवून, फासाफासानं जोडतात. याला तिकडं ‘तोपे तेनी’ म्हणतात. अंग हिरवं असो, जांभळं असो की काळं, पदर पारंपरिकपणे लालच, वर पांढरी नक्षी. म्हणजे एक लाल-मरून खणाचा ब्लाउज शिवला की तो घरातल्या सगळ्या इरकलींवर जातो. मरून ब्लाउज आणि मरून पदर, मधलं अंग कुठल्याही रंगाचं. आज्जीकडं पाच लुगडी आणि दोन खणाच्या चोळ्या असायच्या आणि ती कधी बेंगरूळ दिसली नाही, त्याचं कारण हे आहे. कानडीत ‘सीरी-कुबसा’ म्हणतात, आपण ‘लुगडं-चोळी’ म्हणतो. जोडीनं बोलतो खरं, पण ती जोडी एकास एक अशी कधीच नव्हती.

खणाबद्दल दोन गोष्टी. खण म्हटला की गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. त्याचा पन्हा लहान असतो, त्यामुळे नेहमीच्या ब्लाउजपीसच्या मापानं घेतला तर बाही तोकडी पडते. आधी टेलरला विचारून मगच घ्यावा. आणि पहिल्यांदा धुताना वेगळा धुवावा, रंग सोडतो. मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का बसतो असं सगळ्या सासवा सांगतात. त्यावर विसंबू नका. पहिली तीन-चार धुणी थंड पाण्यात, एकट्यानं, हाच खात्रीचा उपाय. अस्तराचं कापडही शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं. नाहीतर अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि ब्लाउजला पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ठरवलं ते असं. मरून खण, काळा सुती आणि मोहरीच्या रंगाचा सुती, असे तीन रंग. साड्या घ्यायच्या त्या या तिघांना विचारून. खडेबाजारात गेलो, बेळगावचा पाहिला, शहापूरचाही पाहिला. घेतल्या तीन. काळ्या काठाची क्रीम सुती, मोहरी काठाची मोरपंखी सुती, आणि पावसासाठी बारीक फुलांची गडद निळी जॉर्जेट. दुकानदार म्हणाला, “ताई, साडीला ब्लाउजपीस आहे की आतच, वेगळा कशाला घेताय?” हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. साडीतला पीस त्या एकाच साडीवर जातो, पण शिलाई मात्र तेवढीच पडते, तीनशे. फुकट पीस फार महाग पडतो, मैत्रिणींनो. तो कापून ठेवावा, पिशवीला, उशीच्या अभ्र्याला लावावा, कुणाची ओटी भरावी. लगेच शिवायला टाकू नये.

जॉर्जेटला मात्र ती तयार नव्हती. सुती साडीच ‘टीचरसारखी’ दिसते असं तिचं म्हणणं. दिसते खरी. पण आपल्या बेळगावचा जून ते सप्टेंबर कसा असतो हे बेळगावकरांना काय सांगायचं? दोन दिवस दोरीवर टाकलेली सुती साडी तिसऱ्या दिवशी हाताला गारच लागते आणि तिला वास यायला लागतो. बसमध्ये भिजलेली जॉर्जेट दुसऱ्या तासाला वाळलेली असते. बजेटमधलं कपाट हवामान बघून लावावं लागतं. मुंबईच्या मासिकांतले सल्ले मुंबईच्या घामासाठी असतात, आपल्याला त्यांतले अर्धेच लागू पडतात. आपल्याकडं डिसेंबरात सकाळी सातच्या बसला स्वेटर लागतो. तोही एकच घ्यावा आणि काळा किंवा राखाडी घ्यावा. गुलाबी स्वेटर दिसतो छान, पण जातो कशावर?

आता खर्च. तीन साड्यांचे १,७५०. ब्लाउजचं कापड, दोन सुती आणि एक खण, ४२०. शिलाई तिघांची ९००. फॉल-पिको ३००. परकर दोन, एक मरून आणि एक क्रीम, ४४०. काळी, सपाट, रोज आठ तास उभं राहता येईल अशी चप्पल ६००. बेरीज ४,४१०. पाच हजारांची मर्यादा आम्ही घातली होती, त्यातले ५९० उरले. ती म्हणाली, अजून एक साडी येईल. मी म्हटलं, काळा ब्लाउज अजून एक शिव. साडी दोन-तीनदा नेसून धुतली तरी चालते, ब्लाउज रोज धुवावा लागतो आणि पावसात तो वेळेत वाळत नाही. कापडाचे १२०, शिलाईचे ३००. एकूण ४,८३०. हे आमच्या गल्लीतले दर आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील.

पाच साड्या, चार ब्लाउज. मग एका संध्याकाळी तिनं सगळं पलंगावर मांडून कुठल्या साडीवर कुठला ब्लाउज शोभतो ते वहीत लिहून काढलं. हिरव्या इरकलीवर तिन्ही रंग, क्रीमवर तिन्ही, राखाडीवर मरून आणि काळा, मोरपंखीवर मोहरी आणि काळा, निळीवर फक्त काळा. अकरा वेश. आठवड्याचे सहा दिवस धरले तर जवळजवळ दोन आठवडे काहीही पुन्हा येत नाही. संघाचं कर्ज काढलं नाही. पाच हजार कुठून आले, तर सुट्टीत तिनं शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेतल्या होत्या, त्यातून.

मी हे तिच्या परवानगीनं लिहिते आहे, नाव न घालता. तिला भीती होती ती पोरांची. पोरं बघतात, हे खरं आहे. पण बघतात काय? सहावीतल्या एका मुलीनं तिसऱ्याच दिवशी तिच्या हिरव्या इरकलीच्या पदराला हात लावून म्हटलं, “टीचर, नम्म अज्जी हत्र ऐती इंथा सीरी.” आमच्या आज्जीकडं आहे अशी साडी. त्या वर्गात अर्धी मुलं घरी कानडी बोलणारी, शाळा मराठी. तिचा पहिला आठवडा कोणी नीट ऐकत नव्हतं म्हणून रडवेला गेला होता. पदरावरून गप्पा सुरू झाल्या आणि वर्ग तिच्याजवळ सरकला, असं ती सांगते. श्रेय साडीला किती आणि तिला किती हे मला मोजता येणार नाही. मी तिचा एक पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला, ती शिकवते चांगलं.

पंजाबी ड्रेस वापरणाऱ्यांसाठीही हेच सूत्र आहे, फक्त ब्लाउजच्या जागी सलवार-ओढणी येते. सेट विकत घेऊ नका. सेटमधली एक वस्तू विटली की तिन्ही वस्तू घरी बसतात. काळी, पांढरी आणि एखादी मरून, अशा तीन सलवारी किंवा लेगिंग, दोन साध्या ओढण्या, आणि त्यांवर जातील असे पाच कुर्ते. छापील कुर्ता असेल तर खालचं साधं, खालचं छापील असेल तर कुर्ता साधा. दोन्ही छापील घेतले की ते एकमेकांशिवाय कुणाशीच जुळत नाहीत. काही माणसंही अशी असतात, पण तो विषय वेगळा.

पुरुषमंडळींचं काम सोपं आहे आणि तरी ते बिघडवतात. आमच्या घरी ‘ह्यांच्या’कडे सात पँट आहेत, पैकी सहा तपकिरीच्या सहा छटा. एक काळी, एक राखाडी, एक गडद निळी, त्यांवर पाच शर्ट, त्यांतला एक पांढरा आणि एक फिकट निळा. एवढ्यात शाळा, बँक, लग्न आणि मयत सगळं निभतं. पट्टा आणि बूट एका रंगाचे ठेवा. संपलं.

तयार कपडे घेताना आणखी एक बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे २,४९९ आणि २,५९९ मधला फरक शंभराचाच असतो असं नाही, दुकानदारानं कर धरून किंमत सांगितली आहे की वेगळा लावणार आहे ते विचारून घ्यावं. ‘दोनवर एक फुकट’ ही पाटी दिसली की मी तरी आधी पर्स घट्ट धरते. तिसरा कपडा कशावर जाणार, याचं उत्तर दुकानाच्या दारातच देता आलं पाहिजे.

आणि कपडा उलटा करून बघायला लाजू नका. आतल्या शिवणीत मार्जिन किती सोडलंय, टाके जवळ आहेत की लांब लांब, काज-बटण पक्कं आहे की नुसतं टाचलंय. टेलरला सांगून बगलेत आणि कडेला इंचभर जास्त मार्जिन ठेवून घेतलं की ब्लाउज दोनदा उसवून मोठा करता येतो. चाळिशीनंतर या इंचाचं मोल काय ते मी सांगायला नको. इरकल घेताना अंग आणि पदर जिथं मिळतात तिथं नीट पाहा. हाताच्या जोडाच्या साडीत तिथं जोडाची रेघ दिसते. नुसत्या तशा दिसणाऱ्या स्वस्त साडीतही वाईट काही नाही, रोजला ती चालते, मात्र तिला हातमागाचे पैसे देऊ नयेत.

हळदीकुंकवाची काळजी अनेकजणी पत्रांतून विचारतात. त्याच त्याच पंचवीस बायका, तीच साडी कशी नेसायची? माझी जाऊ आणि मी यावर एक तोडगा काढला आहे. आमच्या दोघींच्या ‘बाहेरच्या’ साड्या एकाच कपाटात असतात. माप आड येत नाही, साडीचा हाच तर मोठेपणा. ब्लाउज ज्याचा त्याचा. संक्रांतीला तिनं माझी जांभळी नेसली तर कुणी काही म्हणालं नाही. चैत्रात मी तिची नेसले, तेव्हा अक्कांनी ओळखली आणि म्हणाल्या, “ही तुला जास्त दिसत्येय बघ.” जाऊ शेजारीच बसली होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे तिचे उपकार.

हिरव्या इरकलीचं सांगायचं राहिलं. १६ आठवड्यांत तिची घडीवरची वीण सुटली. रफू करून बघितलं, पण कापडच थकलं होतं. पदर शाबूत होता, तो मुलीनं कापून ठेवलाय, त्याचा ब्लाउज शिवणार आहे म्हणे. मरून, म्हणजे सगळ्यांवर जाणारा. बाकीच्या अंगाचे तुकडे आईनं कौदीला घेतले. आपण वाकळ म्हणतो ती. थंडीच्या आत शिवून व्हायला हवी, म्हणून सध्या त्यांच्या घरी माग बंद झाल्यावर रात्री तेच चाललंय.